भांडण विजेशी की वजनाशी?

तिसरं_पेडल

बीएमडब्ल्यूच्या एम-५ गाडीच्या धाग्यावर तिच्या वजनावरून जी जुंपली आहे ती तिथे अवांतर होतेय, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ज्यांना उणीदुणी काढायची आहेत त्यांनी ती तिकडेच काढावीत ही विनंती.

आकडा एवढाच होता : २०२४ ची बीएमडब्ल्यू एम-५ डीआयएन या जर्मन पद्धतीने (चालक न धरता) २,४३५ किलो भरते. १९९८ ची ई-३९ पिढीतली एम-५ होती १,८०० किलोच्या आतबाहेर. सहाशेच्या वर किलोंची भर. आठ धडधाकट माणसं कायमची आत बसवून गाडी पळवण्यातलाच प्रकार. नवी गाडी ७०० च्या वर हॉर्सपॉवरच्या जोरावर सरळ रस्त्यावर जुनीला कुठच्या कुठे मागे टाकेल, त्याबद्दल वाद नाही. पण वळणात शिरताना, ब्रेक दाबताना ते वजन लपत नाही. रुंद टायर, मागच्या चाकांचं स्टीअरिंग, भलेमोठे ब्रेक, ही सगळी फौज वजन लपवण्यासाठीच उभी केलेली असते, आणि त्या फौजेचंही पुन्हा वजन.

माझं म्हणणं असं की आपण गाडीवेडे लोक चुकीच्या ठिकाणी शिव्या घालतोय. आवाज गेला, गिअर गेला, इलेक्ट्रिकने वाट लावली, हे रडगाणं दहा वर्षं ऐकतोय. धूर कमी करणारे नियम आले म्हणून आजची इंजिनं इतकी नेमकी झाली. विजेच्या गाडीशीही माझं वैर नाही. पण गाड्या लठ्ठ होत चालल्यात, आणि माझा संशय असा की नियमांचं गणितच त्या लठ्ठपणाला खतपाणी घालतंय. त्यावर कोणीच ओरडत नाही. नियमांचा मूळ मजकूर वाचणारी मंडळी इथे आहेत, त्यांनी दोन शब्द लिहावेत.

रेडलाईन

धाग्यास शुभेच्छा, पण "नियमांमुळे इंजिनं सुधारली" हे वाक्य वाचून चहा सांडला. १९७५ ची कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार आठवा. ५.७ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरी इंजिन), आणि ताकद किती? १६५ हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या इंजिनातून! ही नियमांची कृपा. त्यानंतर दहा वर्षं अमेरिकन गाड्यांकडे बघवत नव्हतं. आणि आज मर्सिडीजने सी-६३ मधून व्ही-८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन अधिक बॅटरी बसवली. ६८० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) कागदावर, वजन दोन टनांच्या वर, आणि गिऱ्हाइकांनी तोंड फिरवलं. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना गाडी म्हणजे फक्त नळीतून येणारा धूर दिसतो.

लॅम्बडा

रेडलाईन, कॉर्व्हेटचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी अर्धंच दिलं जातं.

एक, १९७२ पासून अमेरिकेत हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली. त्याआधी इंजिन टेबलावर ठेवून, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर काहीही न लावता जो आकडा यायचा तो जाहिरातीत जायचा. नंतर सगळा सरंजाम लावून मोजायला लागले. त्यामुळे कागदावरची घोड्यांची एक मोठी तुकडी एका वर्षात गायब झाली, गाडी मात्र तीच होती.

दोन, शिसं. कॅटलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला विषारी धूर स्वच्छ करणारा डबा) शिसं म्हणजे विष, त्याचा पृष्ठभाग शिशाने माखला की तो कायमचा निकामी. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कन्व्हर्टर सर्रास आले, म्हणजे शिसंविरहित पेट्रोल आलं, म्हणजे ऑक्टेन (पेट्रोलची अवेळी न पेटण्याची क्षमता, जी शिसं वाढवायचं) घसरला, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबायचं ते प्रमाण) उतरवावा लागला. त्यात कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत इंधन मिसळणारा जुना यांत्रिक भाग. कन्व्हर्टरला हवा आणि इंधनाचं मिश्रण अगदी अरुंद पट्ट्यात हवं असतं, आणि कार्ब्युरेटरकडून तसल्या शिस्तीची अपेक्षा करणं म्हणजे अन्यायच.

उत्तर कुठून आलं? नियमांच्याच दबावातून. १९७६ मध्ये व्होल्व्होने बॉशचा ऑक्सिजन सेन्सर (लॅम्बडा सेन्सर) लावून पहिली गाडी आणली. (माझा आयडी तिथून उचललाय.) एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सतत मोजायचा आणि इंधन त्यानुसार कमीजास्त करायचं. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन घरोघरी पोहोचलं ते प्रामुख्याने यामुळे. पुढचं ट्युनिंग, टर्बो, नॉक कंट्रोल, सगळं त्या पायावर उभं आहे. टोयोटाच्या जीआर यारिसचं १.६ लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन २०२० मध्ये युरो-६ (युरोपचा धुराचा नियम) पाळून २६१ पीएस देत होतं. तुमच्या कॉर्व्हेटपेक्षा ताकद दीडपट, आकारमान तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

आणि शिशाबद्दल एक ओळ. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये बंद झालं. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारी गोष्ट जगभर हवेत उडवणं थांबवायला आपल्याला शंभर वर्षं लागली. त्यापुढे दहा वर्षं नीरस कॉर्व्हेट बघाव्या लागल्या याचं मला फारसं दुःख नाही.

अवांतरराव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रेडलाईन विरुद्ध लॅम्बडा, भाग नक्की कितवा ते मोजणं सोडून दिलंय.

मोजपट्टी

तिसरं_पेडल, संशय बरोबर आहे. पण आधी दोन वेगळ्या नियमांची सरमिसळ सोडवायला हवी, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद वाया जातील.

पहिला प्रकार विषारी धुराचा : नायट्रोजन ऑक्साइड्स (नॉक्स), कार्बन मोनॉक्साइड, न जळालेला हायड्रोकार्बन, काजळीचे कण. युरो-१ (१९९२) ते युरो-६ (२०१४) ही मालिका त्यासाठी. इथे मर्यादा दर किलोमीटरला आणि प्रत्येक गाडीला सारखी. युरो-५ मध्ये डिझेलला १८० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती, युरो-६ ने ती ८० वर आणली, पेट्रोलला ६०. गाडी ९०० किलोची असो नाहीतर अडीच टनांची, आकडा तोच.

दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे व्यवहारात इंधन किती जळतं त्याचा. इथे एका गाडीला मर्यादा नसते, कंपनीच्या वर्षभरातल्या सगळ्या विक्रीची सरासरी धरतात. आणि खरी गोम इथे आहे. युरोपच्या २०२० ते २०२४ च्या सूत्रात कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जेवढं जास्त, तेवढं तिचं लक्ष्य सैल. दर १०० किलोमागे साधारण ३.३ ग्रॅमची सवलत. अमेरिकेत वजनाऐवजी गाडीच्या चार चाकांनी व्यापलेलं क्षेत्रफळ धरतात, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गुणिले ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर). क्षेत्रफळ वाढवा, लक्ष्य सैल. शिवाय तिथे "लाइट ट्रक" हा वर्ग वेगळा, त्याला आणखी ढिलाई. क्रायस्लरची पीटी क्रूझर दिसायला साधी हॅचबॅक, पण इंधन नियमांसाठी ती ट्रक होती. मागच्या सीट काढून सपाट जागा होते, एवढ्या भांडवलावर.

अशी सूत्रं का लिहिली? लहान गाड्या बनवणाऱ्यांना आयतं बक्षीस आणि मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांना शिक्षा नको, म्हणून. हेतू समजतो. पण मग इंजिनिअरने घाम गाळून ८० किलो कमी केले तर त्याच्या कंपनीचं लक्ष्यच तेवढं कडक होणार. वजन उतरवण्यातला फायदा नियम बराचसा परत काढून घेतो. २०२५ पासूनच्या टप्प्यासाठी युरोपने ते गणित नव्याने मांडलंय, पण तोवर मधल्या काळात एसयूव्हींनी बाजार काबीज केला होता.

तिसरं_पेडल

म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि प्लग-इन हायब्रिडचं (इंजिन अधिक बाहेरून चार्ज होणारी बॅटरी) काय? एम-५ मधली बॅटरी त्याच कारणासाठी ना?

मोजपट्टी

हो. तो तर आणखी मजेशीर प्रकार. चाचणीत प्लग-इन हायब्रिडचा आकडा काढताना मालक गाडी नियमित चार्ज करतो आणि बरंचसं अंतर विजेवर कापतो असं गृहीत धरतात. त्यामुळे अडीच टनांची गाडी कागदावर शंभर किलोमीटरला दोन लिटरच्या आसपास पिते. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये इंधनाचं मीटर नोंद ठेवतं, ती माहिती गोळा करून युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या रस्त्यावर चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. प्लग-इन हायब्रिड? सरासरी साडेतीनपट.

गृहीतक आता टप्प्याटप्प्याने कडक करतायत. पण ज्या गाड्या रस्त्यावर आल्या त्या आल्या.

काजळी

साडेतीनपट ऐकून आम्हा डिझेलवाल्यांना आसुरी आनंद झाला हे नमूद करतो. आम्हाला एका घोटाळ्यावरून वाळीत टाकलं, आणि यांना सरकारी सवलती!

लॅम्बडा

"एका घोटाळ्यावरून" म्हणजे काय हो? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली तेव्हा आकडा जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांचा निघाला. चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअरला कळायचं, तेवढ्यापुरती गाडी सोवळं पाळायची. रस्त्यावर काही गाड्यांचा नॉक्स मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत. आणि हे पकडलं कोणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने, डिकीत मोजणी यंत्र ठेवून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर फिरवली म्हणून.

त्यात जुन्या चाचणीचाही दोष होता. एनईडीसी नावाची ती चाचणी म्हणजे वीस मिनिटांत अकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३३ किमी, आणि ॲक्सिलरेशन इतकं मवाळ की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वेडा होईल. २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली आणि सोबत रस्त्यावरची आरडीई चाचणी. त्यानंतरची डिझेल इंजिनं नॉक्सच्या बाबतीत खरोखर स्वच्छ आहेत, हे मी आतून बघितलंय. पण तोवर लोकांचा विश्वास उडाला. २०१५ मध्ये युरोपातल्या नव्या गाड्यांत डिझेल निम्म्याहून जास्त होतं, २०२४ मध्ये आठातलं एक.

स्पॅनर१३

मी गॅरेजवाला माणूस, नियमांच्या मजकुराशी माझा संबंध नाही, त्यांच्या परिणामांशी आहे.

स्वच्छ डिझेल कागदावर छान. पण ते गिऱ्हाईक कसं चालवतं? रोजचं चार-पाच किलोमीटर, इंजिन धड तापायच्या आत बंद. काजळीचा फिल्टर (डीपीएफ) भरला की तो आतल्या आत जाळून साफ करायला साधारण ६०० अंश लागतात. त्यासाठी गाडी एक्झॉस्टच्या वेळी जास्तीचं डिझेल मारते. तुम्ही मध्येच गाडी बंद केली की ते काम अर्धवट. चार वेळा असं झालं की न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लोक खूश होतात, "माझी गाडी ऑइल पीत नाही, उलट वाढतंय." अहो, वाढतंय हाच रोग! डिपस्टिक काढा, खुणेच्या वर ऑइल आलंय का बघा, बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं तर बेअरिंगांची खैर नाही.

गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, थांबलेली असताना आरपीएम नेहमीपेक्षा चढे आहेत, म्हणजे आत सफाई चालू आहे असं समजा. जमेल तर आणखी वीस मिनिटं हायवेला मारून या. आणि डीपीएफ पोकळ करून देणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा. काळा धूर तुमच्या मागच्याच्या नाकात जातो.

छोट्या डिझेल गाड्या का मेल्या याचं उत्तरही हेच. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था), डीपीएफ, नॉक्स मारणाऱ्या युरियाची टाकी, सेन्सर. हा सगळा संसार मोठ्या गाडीत खपून जातो, लहान स्वस्त गाडीत तो गाडीच्या किमतीलाच डोईजड होतो. मोजपट्टी म्हणाल्या ना, मर्यादा सगळ्यांना सारखी. तिचा फटका सारखा नसतो.

चार्जिंग_चालू

शेवटी माझ्या बाजूचंही कोणीतरी लिहायला हवं. इलेक्ट्रिकवर आल्यापासून वरचा आख्खा प्रतिसाद माझ्या आयुष्यातून गेला.

वजनाचा मुद्दा मान्य, पण थोडं उलटं बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. माझी ६० किलोवॉट-तासांची बॅटरी काठोकाठ भरली तरी ती सात लिटर पेट्रोलएवढीही नाही. तेवढ्यावर गाडी साडेतीनशे किलोमीटर जाते. तुमच्यापैकी कोणाची गाडी सात लिटरमध्ये एवढी जाते? मोटर जवळजवळ काही वाया घालवत नाही, आणि ब्रेकिंगमधली बरीचशी ऊर्जा परत घेते. वाईट बाजू अशी की सात लिटर पेट्रोल पाच किलोचं, माझी बॅटरी चारशेच्या घरात.

चालवायला कशी? वजन तळाशी असल्याने गाडी कलत नाही, प्रतिसाद तत्काळ, ओल्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल इतकं चपळ की पेट्रोल गाडीत ते शक्यच नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. इतक्या थंड देशात! त्या सगळ्यांना काय जबरदस्तीने बसवलं?

रेडलाईन

जबरदस्ती नाही, करमाफी. फरक बारीक आहे.

चार्जिंग_चालू

करमाफीने एकदा गाडी घेतात. दुसरी गाडीही इलेक्ट्रिकच घेतात ती आवडते म्हणून. आणि चीनमध्ये जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा महिन्याच्या किरकोळ विक्रीत निम्म्याहून जास्त गाड्या प्लगवाल्या होत्या (त्यात प्लग-इन हायब्रिड धरून). तिथे तर कंपन्या एकमेकींच्या किमती पाडतायत.

नवशिक्या_चालक

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी आहे. कोणी म्हणतं ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नको, कोणी म्हणतं दर आठवड्याला १०० कर. नक्की काय?

चार्जिंग_चालू

दोघंही बरोबर, वेगवेगळ्या बॅटऱ्यांबद्दल बोलतायत. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली असेल तर रोज ८० पर्यंत, लांबच्या प्रवासाच्या आधी १००. एलएफपीचं व्होल्टेज मात्र मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. ३५ टक्के आणि ६५ टक्के यात गाडीला व्होल्टेजवरून फारसा फरक कळत नाही, ती आत-बाहेर गेलेली वीज मोजत अंदाज बांधते. चूक साठत जाते. मग पडद्यावर १२ टक्के दिसत असताना गाडी अचानक ४ वर येते. अधूनमधून पूर्ण १०० केली की वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं, तिथे गाडीला खूण सापडते आणि हिशोब ताळ्यावर येतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किती वेळा ते लिहिलेलं असेल, तेच पाळा. पूर्ण भरून आठवडाभर उन्हात उभी करू नका, एवढंच.

स्पॅनर१३

इलेक्ट्रिकवाल्यांना एक सूचना माझीही. ब्रेक फार वापरले जात नाहीत म्हणून खूश होऊ नका. न वापरलेल्या डिस्क गंजतात, विशेषतः मागच्या. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, रीजन (ब्रेकिंगमधून वीज परत घेणं) कमी करून अधूनमधून खरे ब्रेक नीट दाबत जा. फोक्सवॅगनने आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम ब्रेक दिले तेव्हा किती हसले होते लोक. मला ते शहाणपणाचं वाटलं. ड्रम बंदिस्त असतो, फारसा गंजत नाही.

मोजपट्टी

ब्रेकवरून आठवलं. युरो-७ मध्ये पहिल्यांदाच धुराबरोबर ब्रेकची धूळही मोजणार. इंजिनच्या आणि हायब्रिड गाड्यांना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३. टायर किती झिजतात यावरही मर्यादा येतेय. ब्रेकचा नियम नव्या मॉडेलना नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून लागू. शिवाय बॅटरीने पाच वर्षं किंवा १ लाख किमीपर्यंत ८० टक्के, आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीपर्यंत ७२ टक्के क्षमता राखलीच पाहिजे.

धुराच्या आकड्यांत मात्र खाजगी गाड्यांना फारसा बदल नाही. सुरुवातीचा मसुदा बराच कडक होता, कंपन्यांनी आरडाओरडा केला, तो सौम्य झाला.

पण टायरच्या मुद्द्यात मला आशा दिसते. टायरची झीज वजनाबरोबर वाढते. म्हणजे वजनाला काहीतरी दंड बसू शकतो, आडवाटेने का होईना.

तिसरं_पेडल

हे सोनं आहे. हेच म्हणत होतो.

रेडलाईन

बरं, वजन वजन चाललंय, मग ह्युंदाईच्या आयोनिक-५ एन या इलेक्ट्रिक गाडीबद्दल बोला की. दोन टनांच्या वर वजन, आणि तिच्यात खोटे गिअर! स्टीअरिंगमागचं गिअरचं पॅडल दाबलं की स्पीकरमधून इंजिनाचा आवाज, मोटर मुद्दाम धक्का देते, लाल रेघेवर जाऊन ठोकरही खाते. आठ गिअरची नाटकं, गिअरबॉक्स नसताना. ही काय वेळ आली आहे?

काजळी

+१. प्लास्टिकच्या फुलांना अत्तर.

चार्जिंग_चालू

चालवली आहे का कोणी? ट्रॅकवर ते खोटे गिअर उपयोगी पडतात. एकसारखा ओघ असला की वळणाआधी आपला वेग किती, कळत नाही, डोळे सारखे स्पीडोमीटरवर. आवाज आणि टप्पे असले की कानाने कळतं, शरीराला सवय असतेच. नको असेल तर बटण दाबून बंद. आणि खोट्या आवाजाचं म्हणाल तर पेट्रोल गाड्या कित्येक वर्षं स्पीकरमधून आवाज देतायत, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पेट्रोलमध्ये आता कणांचा फिल्टर (जीपीएफ) बसतो, तो एक्झॉस्टचा गळाच दाबतो.

लॅम्बडा

जीपीएफचं बरोबर. त्यात आणखी एक भर घालतो, कारण सकाळी गाडी चालू केल्यावर "गुरगुरते का" हा प्रश्न इथे दर महिन्याला येतो. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना कामाला लागतो. तोवर धूर जवळपास तसाच बाहेर. म्हणून थंड इंजिन पहिलं मिनिटभर मुद्दाम चढ्या आरपीएमवर चालतं आणि ठिणगी उशिरा पडते, जेणेकरून उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जावी. ती गुरगुर म्हणजे गाडी कन्व्हर्टर तापवतेय. बिघाड नाही. तेव्हा लगेच रेस करू नका, सावकाश निघा.

आणि ई-फ्युएलवाले (विजेपासून बनवलेल्या कृत्रिम पेट्रोलचे समर्थक) आता येतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. पोर्शेचा सहभाग असलेला हारू ओनी प्रकल्प चिलीच्या दक्षिण टोकाला २०२२ च्या अखेरीस चालू झाला. वाऱ्यापासून वीज, विजेपासून हायड्रोजन, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून शेवटी पेट्रोल. रसायनशास्त्र पक्कं आहे. पण तेवढंच अंतर कापायला थेट बॅटरीत भरायच्या विजेच्या जवळपास पाचपट वीज लागते. जुन्या गाड्यांना, शर्यतींना, विमानांना ठीक. रोजच्या गाड्यांचा इंधनप्रश्न त्याने सुटणार नाही. २०२३ मध्ये जर्मनीने हट्ट धरून युरोपच्या २०३५ च्या नियमात (नव्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड शून्य) त्यासाठी फट ठेवायला लावली, ती गाड्यांपेक्षा राजकारणाची गोष्ट होती.

अवांतरराव

अवांतर : यात गाडीतल्या टचस्क्रीनच्या पडद्यांबद्दल कोणीच बोललं नाही? एसीचा वारा तोंडावरून पायावर घ्यायचा तर तीन वेळा बोट लावायचं, तेही खड्ड्यातून जाताना. पूर्वी हे काम हात स्वतःच करायचा, डोळ्यांना विचारत नव्हता.

मोजपट्टी

त्यावर उतारा येतोय. युरो एनसीएपी या, गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. तो कायदा नाही, पण पाच ताऱ्यांसाठी कंपन्या काहीही करतात. एसी त्यात नाही, तुमचं दुःख चालू राहील.

रेडलाईन

सगळं ठीक. शेवटचा प्रश्न, तिसरं_पेडलला. हलकी इलेक्ट्रिक गाडी आहे कुठे? दाखवा, मी माझे शब्द मागे घेतो. डॅशिया स्प्रिंग म्हणू नका.

तिसरं_पेडल

स्प्रिंगच म्हणणार होतो. २०२४ चं मॉडेल एक टनाच्या आत, बॅटरी २६.८ किलोवॉट-तास. म्हणजे होऊ शकतं. मजेची गाडी नाही हे मान्य, ताकद शिवणयंत्राची. पण मला दिसतंय ते असं : ५०० किलोमीटर रेंजचा आग्रह सोडला तर बॅटरी अर्धी होते. बॅटरी अर्धी झाली की सस्पेन्शन, ब्रेक, टायर, चौकट सगळंच हलकं होतं. माझदाने एमएक्स-५ ची २०१५ ची पिढी एक टनाच्या आसपास राखली, सुरक्षेचे आणि धुराचे सगळे नियम पाळून. अल्पीनची ए-११० अकराशे किलोची. दोन्ही पेट्रोल आहेत, पण ग्रॅमग्रॅमचा हिशोब ठेवणारे इंजिनिअर अजून जिवंत आहेत याचा पुरावा. तेच लोक विजेवर बसवा की. रेंज २०० चालेल, चार्जिंग जलद द्या.

लॅम्बडा

यात एक अडचण. छोटी बॅटरी म्हणजे चार्जिंगचा वेगही कमी आणि ताकदही कमी, कारण दोन्ही सेल किती आहेत त्यावर ठरतं. त्याच सेलकडून जास्त काम काढलं की त्या तापतात, ट्रॅकवर दोन फेऱ्यांत ताकद घसरते. जास्त करंट झेपणाऱ्या वेगळ्या सेल असतात, हायब्रिडमध्ये वापरतात तशा, पण त्यांत दर किलोला ऊर्जा कमी बसते. म्हणजे अशक्य नाही, पण "अर्धी बॅटरी, बाकी सगळं तेच" असं होत नाही. ६५० ते ७०० किलोमीटरची जाहिरात करणाऱ्या कंपनीला २०० ची गाडी विकायला सांगणं हे त्याहून अवघड.

चार्जिंग_चालू

मी घेईन. दुसरी गाडी म्हणून लगेच.

रेडलाईन

दोनशे रेंज, हजार किलो, मागची चाकं फिरणारी, खोटा आवाज नाही? मीसुद्धा बघायला येईन. घेईन म्हणत नाही.

तिसरं_पेडल

रेडलाईनकडून एवढं मिळालं, धागा वसूल.

आता एक काम करू. वजनांचा एक तक्ता बनवायला घेतोय, एकाच मॉडेलच्या पिढ्या एकाखाली एक, पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्ही. ज्यांच्याकडे जुनी माहितीपत्रकं आहेत त्यांनी आकडे टाका. आकडा कुठल्या पद्धतीचा ते लिहायला विसरू नका. डीआयएनमध्ये टाकी ९० टक्के भरलेली असते पण चालक नसतो, ईयू पद्धतीत चालक आणि सामान मिळून ७५ किलो धरतात. दोन्ही मिसळले तर तक्ता कचऱ्यात जाईल.

अवांतरराव

७५ किलोत चालक आणि वर सामानही? एम-५ धाग्यावरचे काही आयडी बघता ही सवलत प्लग-इन हायब्रिडपेक्षाही उदार आहे.

स्पॅनर१३

माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या सर्व्हिस मॅन्युअलची अख्खी पेटी आहे. रविवारी काढून बसतो, पाच-सहा गाड्यांचे आकडे टाकतो. जॅक लावायच्या जागेच्या पानावर एक्सलनुसार वजन दिलेलं असतं, पुढचं-मागचं वेगळं. तेही हवंय का?

तिसरं_पेडल

हवंय! पुढचं-मागचं आधी टाका.